जाळरेषा

जाळरेषा : वणवा पसरू नये म्हणून वनातील गवत, पालापाचोळा व झुडपे काढून मोकळा ठेवलेला पट्टा. आगीला पुढे सरकण्यासाठी सलग इंधन लागते. जाळरेषा ही सलगता तोडते. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानतात. त्यापूर्वी जाळरेषांची कामे उरकावी लागतात.

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पासारख्या शुष्क पानझडी वनांत जाळरेषांचे महत्त्व मोठे आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर सागाची पाने गळतात, गवत वाळते; फुलोऱ्यानंतर मेलेल्या बांबूची वाळकी बेटेही आगीला खाद्य ठरतात. पट्ट्यातील गवत कापून वाळू देतात. मग वारा पडलेला असताना, दोन्ही कडांना हिरव्या डहाळ्या घेऊन माणसे उभी करून ते जाळतात. पानगळ चालूच राहत असल्याने पट्टा पुन्हापुन्हा झाडावा लागतो. त्यासाठी आता ब्लोअर यंत्रेही वापरतात.

बहुतेक वणवे मानवनिर्मित असतात. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. तेथे जाळी अंथरल्यास आगीची गरजच उरत नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे. तरीही गावकऱ्यांच्या साथीवाचून वन राखणे अशक्य आहे. मात्र वनातील सगळाच पाचोळा काढणे योग्य नाही; तो मातीतील ओल धरतो व कुजून मातीचा कस वाढवतो. म्हणून सफाई पट्ट्यापुरतीच ठेवणे हिताचे होय.