पूर्वी काय व्हायचं?

गढा-मंडल्याचं गोंड राज्य आणि १७८१मध्ये ते बुडवणारे सागरचे मराठे, हा आपला धागा आज जरा बाजूला ठेवते. कारण घरातलं आहे.

फेब्रुवारीत माझ्या भाच्याला दवाखान्यात न्यावं लागलं. वय १९, इथंच जबलपूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. महिनाभर पोरगं वाळत चाललं होतं. रात्री चार-चारदा उठून तांब्या तांब्या पाणी प्यायचं. घरच्यांना वाटलं परीक्षेचं टेन्शन. मग एका सकाळी उलट्या सुरू झाल्या, धाप लागली आणि थेट आयसीयू. टाइप १ मधुमेह. वॉर्डात आल्यावर चौथ्या दिवशी त्यानं मला विचारलं, "मावशी, तू लोकांना इतिहास सांगतेस ना? मग सांग, पूर्वी माझ्यासारख्यांचं काय व्हायचं?"

मी म्हटलं, "मरायचे."

बहीण खोलीबाहेर येऊन माझ्यावर चिडली. "ताई, आजारी पोराशी असं बोलतात का?" तिचं बरोबर होतं. पण मला हे बोलायचा थोडा हक्क आहे. १९८६ साली, दहावीत असताना, मलाही हाच आजार झाला. तेव्हा ती सहा वर्षांची होती.

आता तुम्ही म्हणाल, घरात सख्खी बहीण इतकी वर्षं इन्सुलिन घेतेय, तरी पोराची लक्षणं ओळखता आली नाहीत? नाही आली. त्याचं कारण मी आहे. त्याच्याकडे येतेच, आधी भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर.

मधुमेह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशीतले काका येतात. तो टाइप २. टाइप १मध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्यानं तो होत नाही, आणि बहुतेकांच्या घरात आधी कुणाला झालेलाही नसतो. इन्सुलिन बाहेरून घेतलं नाही तर माणूस जगत नाही. लहान मुलांत आणि तरुणांत तो अचानक येतो.

सुश्रुतानं प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक सहज, म्हणजे जन्मतः आलेला, आणि दुसरा अपथ्यामुळे झालेला. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. हे निरीक्षण बारीक आहे. पण त्यावरून "आपल्याला टाइप १ आणि टाइप २ आधीच माहीत होते" असं जे छातीठोकपणे सांगतात, त्यांच्यात मी नाही. ओळखणं वेगळं आणि वाचवणं वेगळं. सुश्रुत निर्धन रोग्याला सांगतो की अनवाणी, छत्रीशिवाय, भिक्षा मागत शंभर योजनं चाल. काकांना याचा फायदा होईलही. माझ्या भाच्याला आयसीयूतून उठवून चालायला लावलं असतं तर तो ग्वारीघाटापर्यंतही पोचला नसता.

१८८९मध्ये जर्मनीत मिंकोवस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. दोष कुठं आहे ते कळलं, औषध मिळायला आणखी ३०हून जास्त वर्षं गेली. त्या मधल्या काळात अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांचा उपासाचा उपचार चालायचा. साखर पचत नाही ना, मग खायलाच द्यायचं नाही. भाज्या तीन-तीनदा उकळून, पाणी फेकून उरलेला चोथा द्यायचा. मुलं हाडांचा सापळा व्हायची, पण काही महिने, क्वचित एखाद-दोन वर्षं जास्त जगायची. अ‍ॅलनना क्रूर म्हणणं सोपं आहे. हातात दुसरं काहीच नसताना त्यांनी वेळ विकत घेतला, आणि काही मुलांना तो पुरला.

एलिझाबेथ ह्यूजला पुरला. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची ही मुलगी. १९१९मध्ये, ११व्या वर्षी आजार झाला. तीन वर्षं अ‍ॅलन यांच्या देखरेखीखाली अर्धपोटी काढली. ऑगस्ट १९२२मध्ये टोरांटोला पोचली तेव्हा वजन सुमारे २० किलो होतं. वय १५ वर्षं व्हायला तीन दिवस बाकी होते.

टोरांटोत आदल्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट या दोघांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडापासून अर्क काढला होता. बेस्ट तेव्हा २२ वर्षांचा! ११ जानेवारी १९२२ रोजी १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं, आणि ते जवळजवळ फसलं. अर्क अशुद्ध होता. साखर थोडी उतरली, सुईच्या जागी गळू झालं, उपचार थांबवावे लागले. मग जेम्स कॉलिप यानं अर्क शुद्ध करून दिला आणि २३ जानेवारीला पुन्हा सुरुवात झाली. या वेळी २४ तासांत साखर ५२० वरून १२० वर आली.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक गोष्ट फिरते. वॉर्डात बेशुद्ध मुलांची रांग, डॉक्टर शेवटच्या मुलापर्यंत पोचतात तोवर पहिलं उठून बसतं, आया रडायला लागतात. भाच्यालाही कुणीतरी ती पाठवली. तसं घडल्याचा भरवशाचा पुरावा नाही. मला तर पहिलं फसलेलं इंजेक्शन जास्त जवळचं वाटतं. बाराच दिवसांत पुन्हा हात पुढं करायला त्या पोराला आणि हो म्हणायला त्याच्या वडिलांना काय लागलं असेल!

इन्सुलिनचं पेटंट शोधणाऱ्यांनी एकेक डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकलं. १९२३मध्ये नोबेल मिळालं. पाठ्यपुस्तकातली गोष्ट इथं संपते. रोग्याची इथून सुरू होते, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा इंजेक्शन, तिसऱ्या दिवशी पुन्हा. हे रोज कोण देणार? डॉक्टर तर घरी येत नाही. बोस्टनचे डॉ. एलियट जोस्लिन यांना हे लवकर कळलं. १९१८मध्येच त्यांनी रोग्यांसाठी पुस्तक लिहिलं आणि घरोघरी जाऊन शिकवणाऱ्या नर्स तयार केल्या. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स तर स्वतःच रोगी. आता थोडेच दिवस उरले असं धरून ते फ्लॉरेन्सला जाऊन राहिले होते, इन्सुलिन आल्याची तार मिळाली तसे १९२३मध्ये परतले. पुढे १९३४मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांच्यासोबत त्यांनी मधुमेहींची संघटना काढली. औषध सापडल्यावर उपचार रोग्याच्या हातात गेले, आणि हा रोगी बहुतेकदा पोरसवदा असायचा.

आमच्या घरी ते स्वयंपाकघरात आले. बाबा गन कॅरेज फॅक्टरीत होते. १९०४ची ही फॅक्टरी, तिच्यामुळे कितीतरी मराठी घरं इथं आली. १९८६ साली आमच्याकडे ग्लुकोमीटर नव्हता. होतं बेनेडिक्ट द्रावण. परीक्षानळीत ५ मिली निळं द्रावण, त्यात लघवीचे ८ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं म्हणजे थोडी, पिवळं, नारिंगी, आणि विटकरी लाल झालं की आई डोक्याला हात लावायची. रोज चारदा. लघवीतली साखर म्हणजे काही तासांपूर्वीची बातमी, तिच्यावरून आत्ताचा डोस ठरवायचा! काचेची सिरिंज स्टीलच्या डबीत उकळायची, सुई बोथट होईपर्यंत तीच वापरायची.

तेव्हाचं स्वस्त इन्सुलिन गाईच्या स्वादुपिंडापासून बनायचं. आजीनं एकदा विचारलं, "हे औषध कशाचं करतात रे?" बाबा म्हणाले, "कारखान्यात करतात, आई." आजीनं बाबांकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. १९८२मध्ये अमेरिकेत जीवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं होतं. आपल्याकडच्या कंपन्या ते बनवू लागेपर्यंत नवं शतक उजाडलं.

फ्रिज नव्हता. जबलपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माठात ठेवायची. आम्हाला ते गरिबीचं लक्षण वाटायचं. नंतर अशा मातीच्या भांड्यांची शास्त्रीय मोजमापं झाली आणि कोरड्या हवेत ती छान काम करतात असं दिसलं. डॉक्टर मात्र नागपूरचे. १९५६ला आपली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, पण इथल्या मराठी घरांचं मोठं दुखणं नागपूरलाच जात राहिलं. सिवनीमार्गे बसनं पावणेतीनशे किलोमीटर, मांडीवर थर्मास. पुढे त्याच नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी ड्रीम ट्रस्ट काढून गरीब घरांतल्या टाइप १ मुलांना इन्सुलिन पुरवायला सुरुवात केली, विशेषतः मुलींना. मुलगी असली की इन्सुलिनचा खर्च आधी बंद होतो, हे कुणी उघड बोलत नाही.

आणि आईनं माझं जेवण तोडलं. भात बंद, बटाटा बंद, अर्धी पोळी आणि मेथी. तिनं अ‍ॅलन यांचं नाव ऐकलेलं नव्हतं. इन्सुलिन येऊन ६४ वर्षं झाली होती आणि आमच्या ओट्यावर अजून उपासाचाच उपचार चालू होता. बोर्डाच्या परीक्षेत गणिताच्या पेपरला माझी साखर उतरली. हात थरथरायला लागले, आकडे दोन-दोन दिसायला लागले. खिशातली खडीसाखर पर्यवेक्षकांनी आत शिरतानाच काढून घेतली होती, चिठ्ठी असेल म्हणून. (२०१७मध्ये सीबीएसईनं दहावी-बारावीच्या मधुमेही मुलांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या आणि खाऊ न्यायला परवानगी दिली. ते परिपत्रक मी छापून ठेवलंय, उगाचच.)

त्या दिवसानंतर आईनं ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. पुढे लग्न व्हायचं होतं. बेनेडिक्टची बाटली देवघरामागच्या फडताळात गेली. धाकटीला सांगितलं, ताईला ताकदीची इंजेक्शनं आहेत. मी स्वतः नवऱ्याला साखरपुड्यानंतर सांगितलं, सासूबाईंना तर दुसऱ्या बाळंतपणापर्यंत नाही.

एलिझाबेथनंही हेच केलं. टोरांटोहून तिनं आईला लिहिलेली पत्रं विद्यापीठानं जपली आहेत. खाण्याबद्दल केवढा आनंद आहे त्यांत! पण मोठेपणी तिनं आजाराच्या खुणा पुसल्या, कागद आणि फोटो नष्ट केले, बहुतेकांपासून गोष्ट लपवली. लग्न झालं, तीन मुलं झाली, सुमारे ४२,००० इंजेक्शनं घेतली आणि १९८१मध्ये ७३व्या वर्षी गेली. इतिहासकार मायकेल ब्लिस तिच्यापर्यंत पोचले ते अगदी शेवटी. मला तिचा राग येत नाही. कशी येईल? पण माझ्या बहिणीला माझी तहान, माझं वाळणं, रात्रीचं उठणं यातलं काहीही आठवत नव्हतं, कारण तिला ते कधी सांगितलंच नव्हतं. मुलाला तांब्यानं पाणी पिताना पाहून तिला ओळखीचं काही वाटलं नाही. आयसीयूच्या बाहेर ती मला एवढंच म्हणाली, "तुझं पण असंच झालं होतं?"

हे सगळं मी भाच्याला सांगितलं, वॉर्डातच, दोन दुपारी. त्याला लिओनार्ड आवडला नाही, बेस्ट आवडला. "बावीस म्हणजे माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठा." मग हॉस्टेलच्या मित्रांना सांगू का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, साखर उतरली तर तोंडात काय घालायचं, एवढं तरी खोलीतल्या दोघांना माहीत पाहिजे, बाकी तुझं तू ठरव. त्यानं वर्गाच्या ग्रुपवर सुईसकट फोटोच टाकला. बहीण दोन दिवस धास्तावून होती. तिसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलीचा त्याला मेसेज आला, मला पण आहे, पाचवीपासून.

त्याच्या दंडावर सेन्सर आहे, दर काही मिनिटांनी मोबाइलवर आकडा येतो. मला ते पाहताना हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांनी त्याला खाण्यातले कर्बोदकं मोजून इन्सुलिन घ्यायला शिकवलंय. परवा पोरं कमानिया गेटला गेली, खव्याची जिलबी खायला. यानंही खाल्ली, आधी अंदाज करून, डोस घेऊन. रात्री मला आकडा पाठवला, २४६. खाली लिहिलं होतं, "खव्यात मैदा किती असतो ते विचारायचं राहिलं. आईला विचारतो."