विजेची होडी : इतिहास आणि निवड

विजेवर चालणारे वाहन म्हटले की ते अगदी आजचे, किंबहुना उद्याचे, असा समज सर्वत्र रूढ झालेला आहे. होडीच्या बाबतीत इतिहास याच्या उलट साक्ष देतो. होडीच्या पाठीला अडकवावे आणि काम झाले की उचलून घरी न्यावे, असे पहिले यंत्र विजेचे होते. पेट्रोलचे तसे यंत्र त्यानंतर सुमारे दीड दशकाने निघाले आणि लोकांच्या हाती पडण्यास आणखी एक दशक लागले. जे आधी आले ते मागे पडले, आणि शंभरांहून अधिक वर्षांनी पुन्हा परत आले. हे का घडले, याचा विचार केल्यास आज असे यंत्र निवडणाऱ्या माणसाला त्यातून उपयोगाचे पुष्कळ काही मिळते, असे आम्हांस वाटते.

ज्या होडीविषयी आम्ही बोलत आहो ती फार लहान आहे. मोठी नौका किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात नांगरलेली असते. तिच्यापर्यंत माणसे, पिण्याचे पाणी आणि शिधा पोचविणारी जी होडी, तिला इंग्रज दर्यावर्दी टेंडर म्हणतात. आपल्याकडे तिला नुसती होडी किंवा डिंगी म्हणून भागते. मुंबईस गेटवेसमोर नांगरलेल्या शिडाच्या नौकांपर्यंत पोचायचे तर अशीच होडी लागते. लहानाने मोठ्याची सेवा करण्याची ही चाल जुनीच आहे. आंग्र्यांच्या आरमारात वारा पडला म्हणजे वल्ह्यांची गलबते मोठ्या गुराबांना दोरखंडांनी ओढून नेत. अशा लहान होडीला दोन हातांऐवजी यंत्र कोणते जोडावे, एवढाच प्रश्न आहे. पण त्याच्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

त्याचा आरंभ रशियात झाला. मोरिट्झ याकोबी या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८-३९ साली सेंट पीटर्सबर्ग येथे नेवा नदीवर विजेची होडी चालवून दाखविली. झार निकोलस पहिला याचे द्रव्यसाहाय्य त्याला लाभले होते. होडीत दहाबारा माणसे बसत. वेग मात्र ताशी पाच किलोमीटरांच्या पुढे गेला नाही. वीज निर्माण होत होती ती घटांमध्ये जस्त विरघळवून. एंजिनात कोळसा जाळावा तसे येथे जस्त जळत होते, आणि जस्त कोळशाहून कितीतरी महाग! यंत्र फिरले, होडी चालली, आणि तरीही प्रयोग व्यवहारात उतरला नाही. अडचण यंत्राची नव्हती, शिदोरीची होती. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचा सारा इतिहास उलगडत जातो.

चाळीसएक वर्षांनी पॅरिसमध्ये ग्युस्ताव्ह त्रुव्हे या कारागिराने तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्याची कार्यशाळा सीन नदीपासून जवळ होती. यंत्र कार्यशाळेतून नदीवर नेणे आणि परत आणणे सोयीचे व्हावे म्हणून त्याने ते सुटे केले. सुकाणूच्या माथ्यावर सुमारे पाच किलो वजनाची मोटर, सुकाणूच्या खालच्या अंगाला पंखा, आणि दोहोंना जोडणारी साखळी, अशी त्याची रचना होती. सुकाणू वळले की पंखाही वळे. आज ज्याला आउटबोर्ड म्हणतात त्याचा जन्म हा असा वाहतुकीच्या सोयीतून झाला. बॅटऱ्या मात्र होडीत वेगळ्या ठेवाव्या लागत, आणि त्यांचे वजन मोटरीच्या कित्येक पट असे.

दिनांक २६ मे १८८१ रोजी त्रुव्हेने आपली होडी सीनवर चालविली. तिचे नाव ‘टेलिफोन’. प्रवाहाविरुद्ध तिचा वेग सेकंदाला १ मीटर आणि प्रवाहाबरोबर २.५ मीटर नोंदला गेला. या दोन आकड्यांकडे जरा लक्षपूर्वक पाहावे. दोहोंची सरासरी १.७५ मीटर, हा होडीचा स्थिर पाण्यातला वेग झाला. उरलेला ०.७५ मीटर नदीचा प्रवाह. म्हणजे प्रवाहाविरुद्ध जाताना यंत्राची निम्मी नाही, पण चाळीस टक्क्यांहून अधिक कमाई नदीने काढून घेतली! होडीचे यंत्र निवडताना किंमत विचारण्यापूर्वी प्रवाह विचारावा, हा धडा त्या दोन आकड्यांत सामावलेला आहे.

त्याच सुमारास शिदोरीचाही प्रश्न थोडा सुटला. गास्ताँ प्लांते याने १८५९ साली पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी शोधून काढली होती. १८८१ मध्ये कामीय फोर याने ती कारखान्यात करता येईल अशी सुधारली. आता जस्त खर्ची घालण्याचे कारण उरले नाही. दुसऱ्याच वर्षी लंडनमध्ये अँथनी रेकेनझॉन याने ‘इलेक्ट्रिसिटी’ नावाची होडी टेम्स नदीवर आणली, आणि १८८६ मध्ये त्याची ‘व्होल्टा’ ही होडी एकदा भरलेल्या बॅटऱ्यांवर डोव्हरहून कॅलेस जाऊन परत आली. टेम्सवर भाड्याच्या विजेच्या होड्यांचा ताफा सुरू झाला. १८९३ सालच्या एका नकाशात क्यू ते रेडिंग एवढ्या अंतरात बॅटरी भरण्याची आठ ठाणी दाखविलेली आहेत. त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पन्नासांहून अधिक विजेच्या होड्यांनी दहा लाखांवर प्रेक्षकांना फिरविले. धूर नाही, कानठळ्या नाहीत, तेलाचा वास नाही. त्या काळच्या माणसाला जलविहाराचे भविष्य यातच दिसले असेल तर त्यात नवल ते काय?

आणि तरीही वीस वर्षांत हे वैभव ओसरले. अमेरिकेतील मिलवॉकी येथे ओल एव्हिनरूड या नॉर्वेहून आलेल्या तंत्रज्ञाने १९०९ पासून पेट्रोलचे आउटबोर्ड यंत्र विकण्यास आरंभ केला. शक्ती दीड अश्वशक्ती, वजन सुमारे २८ किलो. पत्नीसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारता मारता ते वितळून गेले आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे. परंतु पेट्रोलच्या विजयाचे खरे कारण वजनकाट्यावर सापडते. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते. लहान एंजिन तिच्यातील पाचसहा हिस्से वाया घालवून एकच हिस्सा कामी लावते असे धरले, तरी दोन किलोवॉट-तास पदरात पडतात. शिशाची बॅटरी किलोमागे फार तर ३० ते ४० वॉट-तास देते. म्हणजे एका किलो पेट्रोलच्या बरोबरीला सुमारे सत्तर किलो शिसे! लहान होडीत एवढे शिसे ठेवल्यावर माणसाने बसावे कोठे?

म्हणून वीज हरली. पण ती सर्वत्र हरली नाही, हे आमच्या मते या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे. बव्हेरियातील क्योनिगझे सरोवरावर १९०९ पासून, म्हणजे एव्हिनरूडच्या उदयाच्याच वर्षापासून, विजेच्या होड्या प्रवासी नेत आहेत; तेथे अंतर ठरलेले, रात्री धक्क्यावर परतणेही ठरलेले. पाणबुडीला पाण्याखाली हवा नाही, म्हणून तेथे बॅटरीला पर्याय नव्हता. शिकागोच्या होड्या बांधणारी कंपनी पुढे पाणबुड्या बांधणाऱ्या उद्योगात सामील झाली. अमेरिकेत १९३४ च्या सुमारास फार्गो येथील ओ. जी. श्मिट याने मासेमारीसाठी मंद गतीची विजेची मोटर काढली, कारण आवाजाने मासा पळतो. तात्पर्य, जेथे काम आखूड, ठरलेले आणि शांततेचे होते, तेथे वीज टिकून राहिली. जेथे दूर जायचे, वेगाने जायचे आणि केव्हा परतायचे हे ठाऊक नसायचे, तेथे पेट्रोल जिंकले. यंत्रांच्या इतिहासात हरलेले ते खोटे आणि जिंकलेले ते खरे, असा न्याय लावणे चुकीचे आहे. प्रत्येक यंत्राला त्याचे म्हणून एक काम असते.

पुनरागमनही शिदोरीनेच घडविले. १९८० नंतरच्या दशकात निओडायमियमचे प्रबळ चुंबक निघाले आणि मोटर आटोपशीर झाली. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियमची बॅटरी बाजारात आणली. आजची बांधीव लिथियम बॅटरी किलोमागे सुमारे १४० वॉट-तास देते. सत्तर किलोंचे ओझे अठरावीस किलोंवर आले. जर्मनीतील स्टार्नबर्ग येथे, जेथील सरोवरावर पेट्रोलच्या होड्यांना कडक मर्यादा आहेत, २००५ साली टॉरकीडो ही विजेच्या आउटबोर्डांची कंपनी निघाली. पेट्रोलची आउटबोर्ड यंत्रे जगभर विकणाऱ्या यामाहाने ती २०२४ मध्ये विकत घेतली. इतिहासाचे चक्र कसे फिरते याचे याहून बोलके उदाहरण कोणते द्यावे?

आता निवडीकडे वळू. खरेदीस निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो अश्वशक्तीचा. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली टॉर्की येथे पाण्याचा लांब हौद बांधून त्यात नौकांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. पाणी कापत जाणारी होडी आपल्याच लाटेत अडकते, आणि तिच्या वेगाची व्यावहारिक मर्यादा तिच्या लांबीने ठरते, हे त्याच्या कामातून स्पष्ट झाले. पाण्यातील लांबी तीन मीटर असेल तर ही मर्यादा ताशी सुमारे आठ किलोमीटर. त्यापुढे शक्ती वाढविली तर होडी पाण्यावर उचलली जाईपर्यंत लाटच मोठी होते. केवळ ने-आण करावयाची असेल तर एक किलोवॉटची मोटर पुष्कळ झाली. तिचा पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा असतो. म्हणून पेट्रोलच्या यंत्राशी अश्वशक्तीचे आकडे भिडवून पाहणे फसवे ठरते. पंखा पाण्याला प्रत्यक्ष किती शक्ती देतो, हे विचारावे.

दुसरा हिशेब बॅटरीचा. होडीला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. ताशी ८ किलोमीटरला १००० वॉट लागत असतील, तर ४ किलोमीटरला सव्वाशे पुरतात. स्थिर पाण्यात ताशी ५ च्या वेगाने अर्धा किलोमीटर जाऊन परत येण्यास जेमतेम ५० वॉट-तास खर्च होतात. येथवर ‘हळू चाला, दूर जाल’ हे सूत्र खरे आहे. परंतु समोरून ताशी ४ किलोमीटरचा प्रवाह आला की तेच सूत्र घात करते. ताशी ४ च्या काटकसरीने चालणारी होडी जागच्या जागी राहील आणि बॅटरी मात्र संपत जाईल! गणित असे सांगते की प्रवाहाविरुद्ध सर्वांत कमी खर्च प्रवाहाच्या दीडपट वेगाने होतो. येथे तो ताशी ६ किलोमीटर. मुंबई बंदरात उधाणाला भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहून अधिक असतो. तेवढे पाणी आत येते आणि बाहेर जाते. अशा पाण्यात बॅटरी नेहमीच्या फेरीसाठी घेऊ नये. ओहोटी आणि वारा दोन्ही विरुद्ध असलेल्या फेरीसाठी घ्यावी, आणि तिचा तिसरा हिस्सा कधीही मोडू नये.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. बॅटरी सुटी निघणारी असावी, म्हणजे यंत्र होडीवर चढविताना ओझे दोनदा विभागले जाते आणि बॅटरी नौकेवर नेऊन भरता येते. समुद्राच्या पाण्यात झिजणारा धातूचा तुकडा यंत्राला लावलेला असतो. तो वेळोवेळी बदलावा. काम झाले की पंखा पाण्याबाहेर उचलावा. उरलेल्या विजेचा आकडा दाखविणारे साधन यंत्रावर असावेच. आणि वल्ही होडीतून काढून ठेवू नयेत. पेट्रोल संपले तर शेजारच्या होडीकडून शेरभर मागता येते; वीज अशी ओंजळीत मिळत नाही. लहान होडी वाहून जाते ती बहुधा शेवटच्या शंभर मीटरांत, नौका डोळ्यांसमोर दिसत असताना.

याकोबीपाशी मोटर होती, शिदोरी नव्हती. त्रुव्हेने शिदोरीला पुरेल एवढेच काम शोधले. टेम्सच्या लोकांनी ठाणी बांधून शिदोरी वाटेवर ठेवली. आजच्या माणसाला त्या सर्वांहून चांगली बॅटरी मिळाली आहे. पण प्रश्न बदललेला नाही. किती दूर जायचे, कोणत्या पाण्यातून जायचे, आणि परत यायला काय उरेल? ही तीन उत्तरे ज्याच्यापाशी आहेत त्याला यंत्र निवडण्यास फार वेळ लागणार नाही.