गार्सिया, संत गोन्सालो

गार्सिया, संत गोन्सालो : (सु. १५५६ – ५ फेब्रुवारी १५९७). वसई येथे जन्मलेले फ्रान्सिस्कन धर्मबंधू, रोमन कॅथलिक चर्चने संतपद दिलेले भारतात जन्मलेले पहिले हुतात्मे आणि वसई धर्मप्रांताचे आश्रयदाते संत. ज्याच्या मध्यस्थीवर विश्वास ठेवून एखादा धर्मप्रांत, गाव किंवा व्यवसायसमूह त्याचे छत्र स्वीकारतो, त्या संतास आश्रयदाता म्हणतात. ख्रिस्ती श्रद्धेनुसार उपासना केवळ परमेश्वराची होते, संताला मान दिला जातो आणि त्याने आपल्यासाठी प्रार्थना करावी अशी विनंती केली जाते.

गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज सैनिक, तर आई वसईचीच होती. वसईच्या किल्ल्यातील जेझुइट धर्मगुरूंच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि कोवळ्या वयातच आपल्या शिक्षक धर्मगुरूंबरोबर ते जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली व काही वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केले. मात्र जेझुइट संघात प्रवेश न मिळाल्याने ते व्यापारात शिरले व त्यात यशस्वीही झाले. पुढे फिलिपीन्समधील मनिला येथे व्यापार सोडून ते फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू, म्हणजे धर्मगुरुपदाची दीक्षा न घेता संघाची व्रते पाळणारे सदस्य झाले.

१५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरचे दूत म्हणून पेद्रो बाउतिस्ता हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या भेटीस गेले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो यांची निवड झाली. परदेशी मिशनऱ्यांवर हिदेयोशीने १५८७ मध्येच बंदी घातली असली, तरी ती कसोशीने अमलात आणली जात नव्हती, त्यामुळे या मंडळींना क्योतो येथे राहून रुग्णसेवा व धर्मकार्य करता आले. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. मिशनऱ्यांमागोमाग स्पेनचे सैन्य येईल हा संशय त्या प्रकरणातून बळावला आणि धरपकड सुरू झाली. कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून, त्यांची धिंड काढून, ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. तेथील निशिझाका टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी गोन्सालो यांच्यासह २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आले. हातपाय खिळ्यांऐवजी लोखंडी कड्यांनी क्रुसाला जखडून दोन्ही बाजूंनी भाले खुपसण्याची ही जपानी पद्धत होती. या २६ जणांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट व सतरा प्रापंचिक श्रद्धावंत होते, आणि वीस जण जपानी होते.

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये या हुतात्म्यांना धन्य घोषित केले. संतपदाच्या आधीच्या या पायरीवर मर्यादित क्षेत्रात सार्वजनिक वंदनाची मुभा मिळते. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद दिले. दरम्यान मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मराठा फौजेने पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यावर पोर्तुगीज धर्मसंघ तेथून गेले, किल्ल्यातील चर्चे ओस पडली आणि गोन्सालो यांच्या जन्मगावी त्यांच्या भक्तीला उतरती कळा लागली. नेमक्या त्याच सुमारास, १७४५ मध्ये, ब्राझीलमधील रेसिफे येथे मिश्र वंशाच्या लोकांनी त्यांचा मोठा उत्सव साजरा केला, कारण वंशावरून हिणवल्या जाणाऱ्या त्या समाजाला भिन्न वंशांच्या मातापित्यांच्या पोटी जन्मलेला हा हुतात्मा आपला वाटला.

संतपदानंतर वसई परिसरात ही भक्ती पुन्हा रुजली. नालासोपाऱ्याजवळील गास येथील चर्च त्यांना अर्पण केलेले आहे, वसईतील एका महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे आणि मुंबई महाधर्मप्रांतापासून १९९८ मध्ये वेगळा झालेला वसई धर्मप्रांत त्यांच्या छत्राखाली आहे. निशिझाका येथे १९६२ मध्ये उभारलेल्या स्मारकात यासुताके फुनाकोशी या शिल्पकाराने घडवलेल्या सव्वीस ब्राँझमूर्तींत त्यांचीही मूर्ती आहे. जागतिक कॅथलिक दिनदर्शिकेत या हुतात्म्यांचा सण ६ फेब्रुवारीस, ‘संत पॉल मिकी व सहकारी’ या नावाने येतो.

केरळच्या अल्फोन्सा यांना २००८ मध्ये संतपद मिळाले तेव्हा पहिल्या भारतीय संत म्हणून त्यांचा अनेक ठिकाणी उल्लेख झाला. त्या पहिल्या भारतीय स्त्री-संत होत. भारतात जन्मलेल्या संतांमध्ये पहिला मान त्यांच्या १४६ वर्षे आधी संतपद मिळालेल्या वसईच्या गोन्सालो यांचाच आहे.