पेट्रोलवर चालणाऱ्या ग्रास कटरची देखभाल कशी करावी?

पाऊस ओसरला की आंबा-काजूच्या बागांत आणि बांधांवर ग्रास कटरचा आवाज सुरू होतो. नेमके याच वेळी अनेक यंत्रे बंद पडतात. यातले बरेचसे बिघाड थोडी काळजी घेतली तर टळतात.

पेट्रोल आणि ऑइल
बहुतेक ग्रास कटर टू-स्ट्रोक असतात. त्यांना ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइलच पिस्टनला वंगण देते. नुसते पेट्रोल घातल्यास इंजिन सीझ होते आणि मोठा खर्च निघतो. ५०:१ प्रमाणासाठी १ लिटर पेट्रोलमध्ये २० मिली, तर २५:१ साठी ४० मिली ऑइल लागते. कोणते प्रमाण वापरायचे ते यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. फोर-स्ट्रोक यंत्रात मात्र ऑइल वेगळे भरतात. ते पेट्रोलमध्ये मिसळू नये.

रोजचे काम
आधी इंजिन थंड होऊ द्यावे आणि प्लगची कॅप काढावी. म्हणजे काम करताना इंजिन अचानक चालू होण्याचा धोका राहत नाही.

- एअर फिल्टर झटकावा. फोमचा असल्यास साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा. तो चोंदला की इंजिनाची ताकद कमी होते आणि पेट्रोल जास्त लागते.
- सिलिंडरच्या पात्यांसारख्या फटींत अडकलेले गवत काढावे, नाहीतर इंजिन तापते.
- नट-बोल्ट तपासावेत. तडा गेलेले पाते वेल्डिंग न करता फेकून द्यावे. फिरताना तुटलेला तुकडा जीवघेणा ठरू शकतो.

बऱ्याच यंत्रांत पात्याचा नट उलट्या आट्यांचा असतो. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो.

अधूनमधून
स्पार्क प्लगवरची काजळी ब्रशने साफ करावी. गिअर हेडमध्ये ग्रीस भरावे. पात्याला सर्व बाजूंनी सारखीच धार लावावी, नाहीतर तोल जाऊन यंत्र थरथरते.

हंगाम संपल्यावर
टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते. ते महिनोन्महिने तसेच राहिल्यास कार्बोरेटर चोंदतो. पुढच्या हंगामात दोरी ओढून ओढून हात दुखण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.