घर कोणाला मिळते? कोल्हापूरच्या बोर्डिंगांपासून घरकुलांपर्यंत

१/ शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रींनी गावोगावचे आणि परप्रांतांतले कामगार कोल्हापूरच्या वेशीवर आणले. रोजगारामागोमाग निवाऱ्याचा प्रश्न येतोच. महाराष्ट्रात मात्र तो केवळ पैशाचा कधीच नव्हता. ‘आडनाव काय?’ या प्रश्नाचा इतिहास आणि त्यावर शोधलेली उत्तरे, यांविषयी हा थ्रेड.

२/ जुन्या गावाची रचनाच जातीनुसार होती. महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर. तेथल्या माणसाकडे पैसा आला, तरी गावात जागा मिळत नसे. हे अंतर दारिद्र्याने नव्हे, रूढीने राखलेले होते.

३/ शिकण्यासाठी शहरात आलेल्या मुलांपुढेही हीच भिंत होती. शाहू छत्रपतींनी १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. प्रत्यक्षात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. कागदावर उघडे असलेले दार व्यवहारात बंद राहू शकते, हा त्यातला धडा.

४/ म्हणून महाराजांनी मार्ग बदलला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांचे, पुढे मुस्लिम व इतर समाजांचे, आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खोली मिळाली, तरच शाळा गाठता येणार होती.

५/ पण शिक्षणाने घर मिळे का? १९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी वसतिगृहात उतरले. जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. पदवी आणि पगार, दोन्ही व्यर्थ ठरले.

६/ जातवार वसतिगृहे हे शाहूंचे अंतिम उत्तर नव्हते. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला. मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत ते आंबेडकरांसह उपस्थित होते. हे माणगाव शिरोलीच्याच हातकणंगले तालुक्यात आहे.

७/ स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या कलम १७ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अडवणे हा गुन्हा ठरवला. परंतु ‘खोली कालच दिली’ असे म्हणणाऱ्या घरमालकाविरुद्ध पुरावा आणायचा कोठून?

८/ दुसरी वाट अनुदानाची. १९५२ साली औद्योगिक कामगारांसाठी केंद्राची गृहनिर्माण योजना आली, १९७७ साली म्हाडा स्थापन झाले. पुढे ग्रामीण भागात इंदिरा आवास, रमाई आवास, प्रधानमंत्री आवास. गावातल्या घरकुलाची एक मोठी अडचण : पायाखाली स्वतःची जागा हवी. पिढ्यान्‌पिढ्या जिला जमीन नाकारली गेली, ती कुटुंबे येथेच अडतात. जागा खरेदीसाठी राज्याला वेगळी अर्थसाहाय्य योजना आणावी लागली, ती यामुळेच.

९/ डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलणे आवश्यकच होते. पण नवी पाटी बहुतेकदा त्याच जागी लागते. म्हणून गृहनिर्माण योजनेचे मोजमाप करताना किती घरे बांधली यासोबत ती कोठे बांधली, हेही विचारावे लागते. १८९६च्या त्या वसतिगृहाने हा प्रश्न तेव्हाच पुढे ठेवला होता.