विट्याची वेलांटी

खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले विटा १९४९ साली दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले आणि १९६० साली त्या जिल्ह्याचेच नामांतर सांगली असे झाले. परंतु गावाच्या नावातील पहिली वेलांटी, जी उच्चारात व्यंजनानंतर आणि लेखनात व्यंजनापूर्वी येते, तिच्या जागेविषयी कोणा कारकुनास विचार करावा लागला नाही. संगणकास तो करावा लागतो, कारण तेथे अक्षरे उच्चारक्रमाने साठवलेली असतात आणि वेलांटी व्यंजनाआधी आणणे, रफार माथ्यावर चढवणे ही कामे निराळ्या आज्ञावलीकडे सोपवलेली असतात.

छापखान्यात हे काम खिळे जुळवणाऱ्याचा हातच उरकीत असे. जावजी दादाजींच्या निर्णयसागराचा टाइप अन्य छापखान्यांतही जाई. मात्र मूळ साचा सुधारला, तरी आधी विकलेले खिळे ज्याच्या त्याच्या पेटीत जुनेच राहत.

संगणकावर नेमके हेच घडले. फ्रीटाइप या संचातील अक्षररचनेची आज्ञावली पँगो आणि क्यूटी या दोन प्रकल्पांनी आपापल्या घरी उतरवून नेली, आपापल्या परीने दुरुस्त केली, आणि कालांतराने त्या प्रतींची एकमेकींशी ओळख राहिली नाही. आयसीयू या आणखी एका लायब्ररीचा कारभार तर तिसराच. या फुटलेल्या प्रती जुळवण्यातून हार्फबझ ही सामाईक लायब्ररी उभी राहिली, बेहदाद एसफाहबोद यांनी ती पुढे नव्याने लिहिली, आणि लिबरऑफिसने २०१३ साली लिनक्सवर व २०१७ साली सर्वत्र तिचा स्वीकार केला.

अशा सामाईक प्रतीचा आग्रह डेबियन या लिनक्स वितरणाने धरला, तो निव्वळ टापटिपीसाठी नव्हे. २००२ साली झेडलिब या लायब्ररीत सुरक्षेचा दोष उघडकीस आला, तेव्हा सिस्टिममधील प्रत एकदा बदलून भागले. पण ज्यांनी ती पोटात दडवली होती, त्या प्रोग्रामांचा पंचनामा एकेक करून करावा लागला. फायरफॉक्स आणि क्रोमियम हे ब्राउझर आजही हार्फबझची प्रत स्वतःबरोबर बाळगतात. ज्या प्रतीवर परीक्षण झाले तीच सर्वत्र चालावी, हे त्यांच्या पक्षाचे म्हणणे अगदीच निराधार नाही, आणि फेडोरा या दुसऱ्या लिनक्स वितरणानेही २०१५ साली अशा प्रती बाळगण्यावरील आपली मनाई शिथिल केली. तरी आम्हांस डेबियनची बाजू पटते; कारण मराठी अक्षरांतील दोष सांगणारे मुळातच थोडे, त्यांनी एकच अर्ज किती दारांत गुदरावा? डेबियनमधील लिबरऑफिस सिस्टिमवर बसवलेली हार्फबझच वापरते, तेव्हा हार्फबझच्या दारी झालेली दुरुस्ती, ती प्रत बदलताच, त्याला निराळ्या अर्जाविना लागू होते.