कार्ट्रिज तेच, आवाज वेगळा

कार्ट्रिज तेच, ध्वनिमुद्रिकाही तीच. पण अॅम्प्लिफायर किंवा जोडणीची केबल बदलताच आवाजाचा रंग बदलतो, असा अनुभव ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्या रसिकांना हटकून येतो. एका जोडणीत गायकाचा ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतो, जुन्या तबकडीची खरखर वाढल्यासारखी वाटते. दुसऱ्या जोडणीत तंबोऱ्याची जवारी मंदावते. अशा वेळी दोष सुईला किंवा तबकडीला दिला जातो आणि नव्या कार्ट्रिजवर हजारो रुपये खर्च होतात. प्रत्यक्षात अनेकदा कारण असते ते कार्ट्रिजवर पडणारा विद्युत भार. कार्ट्रिजच्या पुढे जोडलेल्या केबलची आणि अॅम्प्लिफायरची धारिता, म्हणजेच कॅपॅसिटन्स, तसेच अॅम्प्लिफायरचा रोध मिळून हा भार ठरतो.

कार्ट्रिजच्या पोटात

सर्वाधिक वापरात असलेल्या ‘मूव्हिंग मॅग्नेट’ प्रकारच्या कार्ट्रिजमध्ये सुईच्या दांडीच्या मागच्या टोकाला चिमुकले चुंबक असते. खाचेतील नागमोडी वळणांमुळे सुई थरथरते, चुंबक हलते आणि शेजारच्या स्थिर वेटोळ्यांत काही मिलिव्होल्ट इतका क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. एवढा दाब मिळवण्यासाठी अतिशय बारीक तारेचे पुष्कळ वेढे घ्यावे लागतात. त्यामुळे वेटोळ्याचे प्रवर्तकत्व, म्हणजेच इंडक्टन्स, बरेच मोठे होते. अनेक कार्ट्रिजमध्ये ते ४०० ते ७०० मिलिहेन्रींच्या दरम्यान असते.

केबलमधील आतली तार आणि तिच्याभोवतीची जाळी यांच्यात नकळत एक कपॅसिटर तयार झालेला असतो. त्यात टोनआर्ममधील तारांची आणि अॅम्प्लिफायरच्या प्रवेशद्वाराशी बसवलेल्या कपॅसिटरची भर पडते. वेटोळे आणि ही एकूण धारिता मिळून एक अनुनादी मंडल बनते. रेडिओत स्टेशन लावताना ज्या तत्त्वाचा उपयोग होतो, तेच तत्त्व येथे आवाजाच्या वरच्या पट्टीत काम करते.

आकड्यांचा हिशेब

समजा, वेटोळ्याचे प्रवर्तकत्व ५०० मिलिहेन्री आहे. एकूण धारिता १०० पिकोफॅरड असेल तर अनुनाद सुमारे २२,५०० हर्ट्झला येतो, म्हणजे ऐकू येणाऱ्या मर्यादेच्या बाहेर. २०० पिकोफॅरडला तो सुमारे १५,९०० हर्ट्झवर उतरतो आणि ४५० पिकोफॅरडला थेट १०,६०० हर्ट्झवर. नेमक्या याच भागात ‘स’काराची धार, झांजेचा झणत्कार आणि तबकडीवरील ओरखड्यांची खरखर असते.

अनुनाद किती उसळेल, हे रोध ठरवतो. बहुतेक अॅम्प्लिफायरच्या फोनो इनपुटचा रोध ४७ किलोओहम असतो. वरील उदाहरणात ४७ किलोओहमला २०० पिकोफॅरड जोडल्यास विद्युत मंडलामुळे होणारी वाढ एका डेसिबलच्या आत राहते. ४५० पिकोफॅरडला मात्र १० हजार हर्ट्झच्या आसपास साडेतीन डेसिबलची उसळी येते. रोध कमी केल्यास तो लगामासारखा काम करतो. २२ किलोओहमचा रोध आणि २०० पिकोफॅरडची धारिता असल्यास १० हजार हर्ट्झला उलट सुमारे चार डेसिबलची घट होते आणि आवाज मवाळ भासतो.

‘धारिता वाढली की तारस्वर कमी होतात’ असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. अनुनादाच्या वरचे स्वर झपाट्याने घटतात हे खरे. पण त्याच्या लगतचे खालचे स्वर त्याच वेळी उचलले जातात. म्हणूनच लांब केबलने जोडलेले कार्ट्रिज एकाच वेळी टोचणारे आणि तरीही वर बंदिस्त वाटू शकते.

कमी म्हणजे चांगले नव्हे

धारिता शक्य तेवढी कमी असावी, असाही सरसकट नियम नाही. सुई, तिची दांडी आणि तबकडीचा पृष्ठभाग यांच्या यांत्रिक गुणधर्मांमुळे काही कार्ट्रिजचा प्रतिसाद वरच्या पट्टीत खचतो. तो खळगा भरून काढण्यासाठी रचनाकार विद्युत अनुनादाचा हेतुपुरस्सर उपयोग करतात. १९७० च्या दशकातील शुअर कंपनीच्या व्ही-१५ टाइप थ्री या नामवंत कार्ट्रिजसाठी ४०० ते ५०० पिकोफॅरडची शिफारस होती. ऑर्टोफोनच्या टू-एम रेडसाठी ती १५० ते ३००, तर ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम-९५ई साठी १०० ते २०० पिकोफॅरड आहे. एकाला मानवणारी जोडणी दुसऱ्याला मानवत नाही, ती यामुळेच.

१९७० च्या दशकातील सीडी-४ या चार वाहिन्यांच्या तबकड्यांनी तर भाराचे महत्त्व टोकाला नेले. त्यांतील मागील वाहिन्यांची माहिती ३० हजार हर्ट्झच्या वाहक लहरीवर नोंदलेली असे. ती कार्ट्रिजमधून सुखरूप बाहेर पडावी म्हणून कमी धारितेच्या केबल आणि १०० किलोओहमचा भार वापरावा लागे.

मूव्हिंग कॉइल आणि सिरॅमिक

‘मूव्हिंग कॉइल’ प्रकारात चुंबक स्थिर असते आणि मोजक्या वेढ्यांचे वेटोळे हलते. प्रवर्तकत्व अत्यल्प असल्याने अनुनाद श्रवणकक्षेच्या कितीतरी वर जातो आणि केबलच्या धारितेचा ऐकू येणाऱ्या स्वरांवर थेट परिणाम जवळपास होत नाही. येथे रोध मुख्यतः पातळी बदलतो. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी १९६० च्या दशकात विकसित झालेल्या डेनॉन डीएल-१०३ चा अंतर्गत रोध ४० ओहम आहे. त्यावर १०० ओहमचा भार दिल्यास सुमारे तीन डेसिबल पातळी खर्ची पडते. १,००० ओहमला ही घट अर्ध्या डेसिबलहूनही कमी असते. किंचित मोठा आवाज कानाला अधिक सरस वाटतो. त्यामुळे दोन भारांची तुलना करताना आधी आवाजाची पातळी सारखी करून घेणे अगत्याचे ठरते.

जुन्या पेटीवजा रेकॉर्ड प्लेयरमध्ये बहुधा आढळणाऱ्या सिरॅमिक कार्ट्रिजची गोष्ट निराळी. ते स्वतःच एखाद्या छोट्या कपॅसिटरसारखे असल्याने त्याला एक मेगाओहम किंवा त्याहून अधिक रोध लागतो. ते ४७ किलोओहमला सरळ जोडल्यास खर्जाचा आवाज नाहीसा होतो आणि गाणे पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे ऐकू येते.

खर्चाआधी बेरीज

कार्ट्रिज बदलण्यापूर्वी त्याच्या माहितीपत्रकातील शिफारस पाहावी आणि टोनआर्मच्या तारा, केबल व अॅम्प्लिफायर यांच्या धारितांची बेरीज करावी. केबलची धारिता ती दोन्ही टोकांकडून सुटी करून धारिता मोजणाऱ्या मल्टिमीटरवर तपासता येते. एक मर्यादा ध्यानात ठेवावी: बेरीज कमी पडल्यास छोटा कपॅसिटर समांतर जोडून ती वाढवता येते; परंतु जास्त झाल्यास केबल आखूड करणे, कमी धारितेची केबल घेणे किंवा फोनो प्रीअॅम्प्लिफायर टर्नटेबलजवळ आणणे एवढेच मार्ग उरतात. झिजलेली सुई मात्र कोणत्याही भाराने दुरुस्त होत नाही. ती तबकडीची खाच कायमची खरवडते. म्हणून सुईची स्थिती आधी तपासावी आणि भाराचा हिशेब त्यानंतर मांडावा.